ठेचा, तुळस आणि थाई शेवया

काही वर्षांपूर्वी माझी एक ऐतिहासिक कादंबरी प्रसिद्ध झाली. कथानक देवगिरीच्या यादवांच्या काळातले. तिसऱ्या प्रकरणात नायक लांबचा प्रवास करून रात्री घरी येतो आणि नायिका त्याला ज्वारीची भाकरी व मिरचीचा ठेचा वाढते. तो प्रसंग लिहिताना माझ्याच तोंडाला पाणी सुटले होते. पुस्तक निघाल्यावर पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आले. अक्षर मोत्यासारखे, मजकूर मोजका. "कादंबरी आवडली. मात्र आपल्या नायिकेने मिरची आणली कोठून? ती हिंदुस्थानात येण्यास अजून दोन-अडीचशे वर्षे अवकाश होता."

मी शाळामास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सारे वाचून मिळवलेले. मुलांच्या वह्यांतल्या चुकांवर तांबडी शाई ओतण्यात माझी अर्धी हयात गेली. आता तीच शाई माझ्यावर उलटली. पत्रलेखकाचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. मिरची अमेरिकेतली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतरच ती जगाच्या या बाजूला यायची. यादवांचे राज्य त्याआधी पावणेदोनशे वर्षे लयाला गेलेले. मी ते पोस्टकार्ड टेबलाच्या खणात टाकले. उत्तर द्यायचे धैर्य झाले नाही. खण उघडला की ते दिसायचे आणि मी खण लावून टाकायचो.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्या पोस्टकार्डाची गाठ पुन्हा पडली, आणि तीही बँकॉकमध्ये.

माझा पुतण्या तिकडे नोकरीला आहे. "काका, काकूंना घेऊन एकदा याच," असा त्याचा दोन वर्षे धोशा होता. अखेर गेलो. ज्या विमानतळावर उतरलो त्याचे नाव सुवर्णभूमी आणि ज्या जुन्या राजधानीचे अवशेष पाहायला जायचे तिचे नाव अयुथ्थया, म्हणजे आपली अयोध्या. सौ. म्हणाली, "अहो, आपण परदेशात आलो आहोत ना नक्की?"

पहिल्याच संध्याकाळी पुतण्याने आम्हांला त्याच्या गल्लीतल्या खाणावळीत नेले. मोठे हॉटेल नव्हे. आपल्याकडे पेठेत असते तसले, रोजच्या गिऱ्हाइकांचे ठिकाण. पत्र्याची टेबले, प्लास्टिकची स्टुले, भिंतीवर राजाची तसबीर. कढया रस्त्याच्या बाजूलाच. मालकीणबाई एका हाताने कढई हलवीत होत्या आणि दुसऱ्या हाताने कोण कुठे बसायचे ते दाखवीत होत्या. कचेरीतून परतणारी माणसे, शाळेच्या गणवेशातली मुले, एक म्हातारे जोडपे, सगळे दाटीवाटीने बसलेले. आम्हांला जागा मिळायला पाव तास लागला. पुतण्याने सांगितले, की इथे ओळखीचा माणूस भेटला की कुशल विचारायच्या ऐवजी "भात खाल्लास का?" असे विचारतात. हे ऐकून सौ.ला तो देश एकदम आवडला. तिच्या माहेरीही दारात पाऊल टाकताच पहिला प्रश्न "जेवलात का?" हाच असतो.

टेबलावर चार लहान वाट्या होत्या: साखर, लाल तिखट, माशांपासून केलेले खारट पाणी आणि मिरच्या घातलेला शिरका. ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घ्यावे. मी लाल तिखटाकडे बोट दाखवून त्याचे नाव विचारले. पुतण्या म्हणाला, "फ्रिक. म्हणजे मिरची." आणि मिऱ्याला काय म्हणतात? "फ्रिक थाई."

मी हातातला चमचा खाली ठेवला. मिरची नुसतीच 'फ्रिक', आणि मिरे मात्र 'थाई फ्रिक'! पूर्वी फ्रिक म्हणजे मिरेच. तिखटपणा हवा तर त्या देशात मिरे वापरीत. मग मिरची आली आणि तिने मिऱ्याचे नावच बळकावले. घरच्या म्हाताऱ्याला ओळख पटवण्यासाठी नावापुढे देशाचे नाव जोडावे लागले. आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरे. त्याच घराण्यातले नाव घेऊन 'मिरची' आपल्या स्वयंपाकघरात शिरली. माझ्या नायिकेला ती आजीच्या काळची वाटली यात तिचा काय दोष? दोष तिला ठेचा करायला लावणाऱ्याचा.

ही पाहुणी तिथे पोहोचली कशी, ती हकीकत आपल्या अंगणातून सुरू होते. अफोन्सो द आल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला. पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, त्याने मलाक्का जिंकले आणि दुआर्त फर्नांदिस नावाचा आपला माणूस अयुथ्थयाच्या दरबारी धाडला. सयामच्या राजापुढे उभा राहिलेला हा पहिला युरोपीय वकील. १५१६ मध्ये रीतसर तह झाला. अयुथ्थयात पोर्तुगीजांची वस्ती वसली. गोवा, मलाक्का, अयुथ्थया अशी गलबतांची ये-जा सुरू झाली आणि त्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर मिरची या साऱ्या किनाऱ्यांवर पसरली. तोफा, बंदुका आणि धर्मोपदेशक वाजतगाजत उतरले असतील. मिरची कुणाच्या तरी गाठोड्यातून मुकाट्याने उतरली. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्थया बेचिराख केली. मिरची मात्र तिथेच राहिली.

तिच्याबरोबर शब्दही उतरले. थाई भाषेत पावाला 'खनोम पांग' म्हणतात. त्यातला 'पांग' आणि आपला 'पाव' हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन मुलगे. एक गोव्याला राहिला, दुसरा बँकॉकला गेला.

एवढ्यात सौ.चे ताट आले. ती मांस-मासे खात नाही, म्हणून पुतण्याने मालकीणबाईंना 'जे' एवढाच शब्द सांगितला होता. 'जे' म्हणजे चिनी परंपरेतला शाकाहार. त्यात मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्या शारदीय नवरात्राच्या आसपास तिथे नऊ दिवस हे व्रत पाळतात आणि दुकानांवर पिवळी निशाणे लागतात. सोयाबीनच्या पनीरसारख्या वड्या, मिरच्या आणि भरपूर हिरवी पाने, सारे भातावर घातलेले. सौ.ने एक पान उचलले, नाकाजवळ नेले आणि तिचा चेहरा बदलला.

"अरे, ही तुळस आहे!"

"हो काकू. इथे हिला कफ्राव म्हणतात. आपलीच तुळस."

"तुळस? फोडणीत?"

मी घाबरलो. घरी वृंदावनाला पाणी घातल्याशिवाय ती चहाला शिवत नाही. कार्तिकात तुळशीचे लग्न ती पोटच्या मुलीचे लागावे तसे लावते. आणि इथे शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ त्याच पानांत परतलेले मांस मिटक्या मारीत खात होते. ताट परत जाणार, आपण उपाशी उठणार, पुतण्याला वाईट वाटणार, हे सारे मला दिसू लागले. सौ. पान हातात धरून बराच वेळ बसली. मालकीणबाईही कढई सोडून काळजीने बघत होत्या. शेवटी सौ. म्हणाली, "आपल्याकडे तुळशीचे पान ठेवल्याशिवाय देव जेवत नाही. इथे माणसे जेवत नाहीत, एवढेच." आणि तिने पहिला घास घेतला. तिखटाने डोळ्यांत पाणी आले, तरी ताट स्वच्छ झाले.

माझ्यापुढे आले ते 'फत थाई'. सपाट तांदळाच्या शेवया, चिंचेचा कोळ, गूळ, मोड आलेली धान्ये, अंडे, वर भरडलेले शेंगदाणे आणि लिंबाची फोड. हा पदार्थ आज जगभर थायलंडचा म्हणून ओळखला जातो. मला वाटले, हा तरी निदान पुराणकाळचा असेल. पण इतिहास इथेही मला हसला.

१९३२ साली सयाममधली अनियंत्रित राजसत्ता संपली. ती संपवणाऱ्यांतला एक लष्करी अधिकारी, फिबून सोंगक्राम, १९३८ अखेर पंतप्रधान झाला. १९३९ मध्ये त्याने देशाचे सयाम हे नाव बदलून थायलंड केले. १९३९ ते १९४२ या काळात त्याच्या सरकारने बारा फर्माने काढली. नागरिकाने झेंड्याला मान कसा द्यावा, कपडे कोणते घालावेत, भाषा कोणती बोलावी, सगळे ठरवून दिले. टोपीशिवाय रस्त्यावर येणे असभ्य ठरले. पुढे युद्ध आले, जपानी फौजा आल्या आणि १९४२ साली बँकॉकमध्ये मोठा पूर आला. त्या टंचाईच्या दिवसांत सरकारने लोकांना शेवया खायचा आणि शेवया विकायचा आग्रह धरला. हातगाड्यांवर शेवया दिसू लागल्या. त्याच काळात फत थाईचे बस्तान बसले.

गंमत अशी, की शेवया चिनी. त्यांचे 'कुएतिआव' हे नाव चिनी. कढईत भरभर परतायची रीतही चिनी. सरकार एका हाताने चिनी व्यापाऱ्यांवर बंधने आणीत होते आणि दुसऱ्या हाताने चिनी शेवयांवर 'थाई' नावाचा शिक्का मारीत होते. शेंगदाणे अमेरिकेतले. कितीही तिखट टाकले तरी तीही अमेरिकेचीच. फिबून १९४४ मध्ये पायउतार झाला, १९४८ मध्ये पुन्हा आला, १९५७ च्या उठावात कायमचा गेला आणि १९६४ साली जपानमध्ये वारला. त्याच्या टोप्या कुणी घालत नाही. शेवया मात्र रोज परतल्या जातात.

त्यानंतरच्या सरकारांनीही हा धडा घेतला. २००२ साली थाई सरकारने जगभर थाई खाणावळी वाढवण्याची योजना आखली. तेव्हा परदेशांत त्यांची संख्या सुमारे ५,५०० होती. फौजा पाठवण्यापेक्षा स्वयंपाकी पाठवणे केव्हाही बरे! डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या 'तोम यम कुंग' या कोळंबीच्या आंबटतिखट कढणाला युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत जागा दिली. त्या कढणात आपला गवती चहा असतो. आणि तिखटपणा असतो तो पाहुण्या मिरचीचा.

जेवण संपता संपता मला एक गोष्ट लक्षात आली. 'थाई' हा शब्द कोठे कोठे चिकटला ते पाहा. मिऱ्याला चिकटला, कारण त्याचे नाव दुसऱ्याने घेतले. शेवयांना चिकटला, कारण त्या बाहेरच्या होत्या आणि सरकारला त्या आपल्या म्हणून दाखवायच्या होत्या. मिरचीला मात्र तो कुणी लावला नाही. ती नुसतीच 'फ्रिक'. जे खरोखर घरचे झाले, त्याला घरचे म्हणावे लागत नाही. ते काम फर्मानाने होत नाही. चारशे वर्षे रोज खलबत्त्यात कुटून होते.

हातातल्या चमच्या-काट्याचीही तीच गोष्ट. पूर्वी तेही आपल्यासारखे हाताने जेवत. एकोणिसाव्या शतकात राजवाड्यात पाश्चात्त्य चमचे-काटे आले. १८७२ साली मुंबईही पाहून गेलेल्या चुलालोंगकॉर्न राजाच्या कारकिर्दीत ते रुळले. पण जेवताना सुरी त्यांनी घेतली नाही, कारण पदार्थ आधीच बारीक चिरलेला असतो. आणि काटा तोंडात न घालता चमच्यावर घास लोटण्यापुरता ठेवला. बाहेरचे घ्यावे, पण आपल्या घासाच्या मापाने घ्यावे.

उठताना सौ.ने मालकीणबाईंना हात जोडले. त्यांनीही जोडले. नमस्कार कुणी कुणाला शिकवला, हे त्या वेळी विचारायचे मला सुचले नाही.

परत आल्यावर मी खण उघडला आणि त्या गृहस्थांना उत्तर लिहिले. "आपली दुरुस्ती शिरसावंद्य आहे. दुसऱ्या आवृत्तीत नायिका मिरे वाटील. उशिराबद्दल क्षमा असावी." कार्ड पेटीत टाकले तेव्हा पुष्कळ दिवसांनी हलके वाटले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शेजारी फराळाचे ताट असेल. चिवड्यातला शेंगदाणा अमेरिकेचा, तळलेली मिरची अमेरिकेची, आणि काजू घातला असेल तर तो ब्राझीलचा, पोर्तुगीजांच्या हातून आलेला. तरीही तो चिवडा तुमच्या आईचाच आहे, याबद्दल कुणी पोस्टकार्ड पाठवणार नाही. आणि यंदा तुळशीच्या लग्नाला, सौ.ने आत्ताच सांगून ठेवले आहे, नैवेद्याला थाई शेवया होणार आहेत. कांदा-लसूण न घालता. आणि वर एक तुळशीचे पान.