गाडीला ताप का येतो?

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट लागतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही चौघे एका जुन्या मोटारीतून निघालो होतो. सपाट रस्त्यावर गाडी बिनतक्रार पळाली. घाटात मात्र मालट्रकांच्या मागे रांगत चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेतली. थोड्याच वेळात सल्ला देणारे जमले. एक म्हणाला, ‘‘रेडिएटर उघडून थंड पाणी ओता.’’ दुसरा म्हणाला, ‘‘थर्मोस्टॅट काढून टाका. आम्ही सगळ्या गाड्यांचे काढलेत.’’ तिसऱ्याचे मत पडले, ‘‘रेडिएटर गेला. नवा घाला.’’

तिघांकडेही आत्मविश्वास भरपूर होता. पण ‘ही गाडी नेमकी केव्हा तापते?’ हा साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. खरे सांगायचे तर तोपर्यंत आम्हीही तो स्वतःला विचारला नव्हता. माणसाचा ताप हा जसा रोग नसून लक्षण असते, तसेच इंजिनाचे. आणि लक्षणावरून कारणाकडे जायचे तर शरीराची रचना माहीत हवी. जुन्या मोटारीतली इंजिन थंड राखण्याची व्यवस्था काही एका दिवसात तयार झालेली नाही. तिचा एकेक भाग कोणत्या ना कोणत्या अडचणीवरचे उत्तर म्हणून आला. ती अडचण कोणती होती हे कळले, की तो भाग बिघडल्यावर काय होईल हेही ओळखता येते. म्हणून आज या व्यवस्थेचा इतिहास पाहू.

आधी थोडे गणित

पेट्रोलच्या इंजिनात स्फोटाच्या क्षणी वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, बिडाचे लोखंड सुमारे १,२०० अंशांना. तरीही इंजिन वितळत नाही, कारण भिंतींना मिळणारी उष्णता सतत काढून घेतली जाते. जुन्या इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश चाकांच्या कामी येते. उरलेल्यातली बरीचशी धुराबरोबर बाहेर पडते आणि जवळजवळ एक तृतीयांश पाण्याला मिळते.

घाट चढताना पाण्याला सेकंदाला २५ किलोज्यूल उष्णता मिळते असे धरू. इंजिनात ५ लिटर पाणी आहे आणि रेडिएटर नाहीच, अशी कल्पना करा. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. म्हणजे ३० अंशांचे ५ किलो पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला १,४६३ किलोज्यूल पुरतात. सेकंदाला २५ या दराने हे काम एका मिनिटात होते! एरवी ही गाडी तासन्‌तास चालते, याचा अर्थ जेवढी उष्णता येते तेवढीच बाहेर जात असते. गाडी तापली म्हणजे हा जमाखर्च कुठेतरी चुकला. एक तर जमा वाढली, नाही तर खर्चाची वाट अडली.

उकळू द्या, पाणी घाला

कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचे पाणी सरळ उकळू द्यायचे, वाफ सोडून द्यायची आणि कमी झालेले पाणी पुन्हा भरायचे, अशी ही रीत होती. ती वाटते तितकी भाबडी नाही. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ होताना २,२५७ किलोज्यूल उष्णता निघून जाते. तेच पाणी ३० पासून १०० अंशांपर्यंत तापताना जेवढी घेते त्याच्या साडेसात पटींहून अधिक. लहान इंजिनाला एवढे पुरे होते.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची पत्नी बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन या गाडीतून मानहाइमहून फोर्टसहाइमला गेली. अंतर होते शंभर किलोमीटरांहून थोडे जास्त. या प्रवासात इंधनापेक्षाही वरचेवर लागले ते पाणी. मिळेल तिथे थांबून ते भरावे लागले. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. निदानाचा पहिला धडा इथेच आहे : व्यवस्थेत पाणी आहे का, आणि कमी झाले असेल तर ते गेले कुठे?

पृष्ठभाग आणि वारा

इंजिने मोठी झाली तसे पाणी उकळून घालवणे परवडेना. तेच पाणी थंड करून पुन्हा वापरायला हवे होते. यावरचे फार सुंदर उत्तर विल्हेल्म मायबाखने डाइमलर कंपनीच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत दिले. डिसेंबर १९०० मध्ये तयार झालेल्या या गाडीच्या पुढच्या बाजूला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर होता. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांमधून वारा जाई आणि त्यांच्या भोवतीच्या फटींतून पाणी. लागणारे पाणी आधीच्या निम्म्यावर, म्हणजे ९ लिटरवर आले. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने सर्वांना मागे टाकले.

यातले तत्त्व वर्गात सहज सांगता येते. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एकेक सेंटिमीटरचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६,००० होतो. पृष्ठभाग दसपट झाला, वस्तू तेवढीच राहिली.

मायबाखने आणखी एक गोष्ट केली. रेडिएटरच्या मागे त्याने एक छोटा पंखा बसवला. गाडी वेगात असताना वारा आपोआप मिळतो. हळू चालताना तो ओढून आणावा लागतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. खंबाटकीत त्याची गरज पडणार आहे.

पाणी फिरते कसे?

गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली येते. चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून आपण हे नेहमी दाखवतो. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने (१९०८ ते १९२७) याच तत्त्वावर पंपाशिवाय काम भागवले. सुरुवातीच्या सुमारे २,५०० गाड्यांना पाण्याचा पंप होता; पुढे तो काढून टाकला. एक भाग कमी, म्हणजे खर्च कमी आणि बिघाडही कमी. अशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. पण यात एक मेख होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की हे चक्र तुटते आणि शिल्लक पाणी जागच्या जागी उकळते. शिवाय नुसत्या घनतेच्या फरकाने पाणी फार हळू फिरते. मोठ्या इंजिनांना ते पुरेना, म्हणून पंप सर्रास वापरात आला.

पंप आल्यावर उलटी अडचण उभी राहिली. थंडीच्या सकाळी इंजिन गरमच होईना. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि झीज वाढते. इंजिनाला जास्त तापू द्यायचे नाही, तसेच फार थंडही ठेवायचे नाही. मग आला थर्मोस्टॅट : पाणी ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेटने त्यात मेणाचा वापर केला. मेण वितळताना फुगते आणि दांडी ढकलून झडप उघडते. ही झडप बंद अवस्थेत अडकली तर इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते. म्हणून आपल्याकडे ती काढूनच टाकायची रीत पडली. पण ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखाच हा प्रकार. झडप काढल्याने इंजिन रोज सकाळी थंड चालते, पेट्रोल जास्त खाते, आणि तापण्याचे कारण दुसरेच असेल तर ते तसेच राहते.

ही झडप तपासणे मुलांनाही जमेल. ती दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा, शेजारी तापमापी धरा आणि पाणी सावकाश तापवा. झडपेवर उघडण्याचा अंक कोरलेला असतो, बहुधा ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास. त्या सुमारास ती उघडते का ते पाहा.

झाकणातला प्रेशर कुकर

समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरला सुमारे ९५ अंशांना. म्हणजे घाट चढून गेलेल्या इंजिनाला सवलत उलट कमी मिळते. यावरचा उपाय फार जुना आहे. डेनिस पापँ याने १६७९ मध्ये वाफ कोंडून अन्न शिजवणारे भांडे केले आणि ते फुटू नये म्हणून त्याला सुरक्षा झडप लावली. आपल्या कुकरचा हा पूर्वज. रेडिएटरचे स्प्रिंगचे झाकण हेच काम करते. त्याने आतला दाब अर्ध्या वातावरणाने वाढवला की पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली तर इंजिनात काहीही दोष नसताना पाणी लवकर उकळते.

आणि म्हणूनच पहिल्या सल्लागाराचा उपाय सर्वांत धोक्याचा होता. आत ११० अंशांचे ५ लिटर पाणी असताना झाकण उघडले तर दाब एकदम उतरतो. त्यातले सुमारे ९० ग्रॅम पाणी क्षणात वाफ होते, आणि एवढ्या पाण्याची वाफ दीडशे लिटर जागा घेते. ती उरलेल्या उकळत्या पाण्यासह झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. या एका चुकीने कित्येकांचे हात आणि चेहरे भाजले आहेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही घातक. धातू एकदम आक्रसून तडा जाऊ शकतो. इंजिन बंद करून ते पुरते निवेपर्यंत थांबणे, हाच पहिला उपचार.

आता निदान

इतिहास हाताशी असला की प्रश्न आपोआप सुचतात. गाडी केव्हा तापते? थांबत-रांगत चालताना तापते आणि वेगात बरी राहते, तर वाऱ्याचा, म्हणजे पंख्याचा प्रश्न. वेगात किंवा मोठ्या भाराखाली तापते, तर पाण्याचे फिरणे किंवा रेडिएटरच्या तुंबलेल्या नळ्या. विहिरी-बोअरचे कठीण पाणी भरत राहिल्यास त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट तापून कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. या थरातून उष्णता लोखंडाच्या मानाने फारच हळू जाते. सुरू केल्यावर लगेच तापते, तर थर्मोस्टॅट. बाहेर कुठेच गळती नसताना पाणी कमी होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात किंवा तेल दुधाळ दिसते, तर इंजिनाच्या हेडखालचे गॅस्केट गेले असावे. हे सर्वांत महागडे, आणि बहुधा आधीच्या तापाकडे केलेल्या दुर्लक्षाचे फळ. लोखंडी ब्लॉकवर अॅल्युमिनियमचे हेड असेल तर १०० अंशांच्या वाढीला ४० सेंटिमीटर लांबीत दोघांच्या प्रसरणात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. ताप हाताबाहेर गेला की हेड वाकते. आणि जमेची बाजूही विसरू नये : ठिणगी उशिरा पडत असेल किंवा ब्रेक चिकटत असतील, तर निरोगी रेडिएटरही कमी पडतो.

खंबाटकीत आम्ही इंजिन निवण्याची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा ही उजळणी झाली. गाडी सपाटीवर तापली नव्हती; तापली ती हळू चढताना. म्हणजे संशय पंख्यावर. मग गाडी चालवणाऱ्या सहकाऱ्याला आठवले, की सकाळपासून बॅटरी चार्जिंगचा तांबडा दिवा मधूनमधून मिणमिणत होता. जुन्या गाडीत पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो हे तिन्ही एकाच पट्ट्यावर चालतात. दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ एकच निघाले. अंगठ्याने दाबून पाहिले तर पट्टा चांगला दोन-तीन बोटे आत जात होता. डायनामोचा बोल्ट सैल करून, तो पान्याच्या दांड्याने बाहेर रेटून पुन्हा आवळला. निवलेल्या इंजिनात सावकाश पाणी भरले आणि घाट चढून आम्ही वेळेवर साताऱ्याला पोचलो. नवा भाग एकही लागला नाही.

त्या पिढीच्या गाड्या आता ओसरल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले; मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नव्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो आणि बऱ्याच चुका संगणकच टिपतो. पण वर्गात एखादा प्रयोग फसतो, तेव्हा आपणही त्या तीन सल्लागारांसारखेच लगेच काहीतरी बदलायला धावतो. त्याआधी मुलांना एवढेच विचारायला शिकवू या : हे केव्हा होते, केव्हा होत नाही, आणि दोन्हींत फरक काय?