कराओके : वादकांविना वाद्यवृंद

जुन्या गाण्यांची रात्र असलेल्या बारमध्ये माइक टेबलाटेबलांवरून फिरतो. पडद्यावर शब्द सरकतात, मागे संगीत वाजत असतं, गायकाची जागा तेवढी मोकळी. पण कराओके हे नाव त्या मोकळ्या जागेवरून आलेलं नाही. जपानीत ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ म्हणजे ‘ओकेसुतोरा’चं, आपल्या ऑर्केस्ट्राचं, आखूड रूप. रिकामा आहे तो वाद्यवृंद. कराटेतला ‘कारा’ही हाच, तिथे ‘ते’ म्हणजे हात : निःशस्त्र, रिकामा हात.

ऑर्केस्ट्राचं मूळ ग्रीक नाट्यगृहात सापडतं. वृंद जिथे नाचत-गात असे ती मोकळी जागा म्हणजे ऑर्केस्ट्रा. धातूचा अर्थच नाचणे. पुढे युरोपात तिथे वादक बसले, त्यांनाच ते नाव मिळालं, आणि जपानने नाव ठेवून वादकांना उठवलं! हा प्रवास मला फार विलक्षण वाटतो.

कोबेच्या बारमध्ये वाद्यं वाजवणाऱ्या दाइसुके इनोउए यांनी १९७१मध्ये नाणं टाकून चालणारं कराओके यंत्र आणलं. पेटंट मात्र घेतलं नाही. शिगेइची नेगिशी यांचं तशाच धर्तीचं यंत्र १९६७चं, म्हणून जनकत्व एकट्या इनोउएंना देणं अन्यायाचं.

मराठीत ‘कॅरिओकी’ हे इंग्रजी वळण कशाला? देवनागरीत मूळ उच्चार सहज उतरतो. कराओकेच लिहा, कराओकेच म्हणा.