जुन्या ध्वनिवर्धकाचा जीर्णोद्धार

रेडिओचा खटका फिरविला कीं लागलीच आवाज येत नसे, हा अनुभव व्हॉल्व्हच्या रेडिओवर वाढलेल्या पिढीच्या चांगला स्मरणांत आहे. प्रथम तबकडीमागचा दिवा लागे, पाठीमागच्या छिद्रांतून तांबूस उजेड दिसूं लागे, तापलेल्या धुळीचा वास येई, आणि मग दूरवरून चालत आल्यासारखा आवाज हळूहळू खोलींत भरत जाई. १९२७ सालीं मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें, तेव्हांपासून कित्येक वर्षें शहरांतील घरांना गाणें, बातम्या आणि भाषणें या कांचेच्या नळ्यांनींच पोंचविलीं. पुढें ट्रान्झिस्टर आला आणि ते सेट माळ्यावर गेले. परंतु त्या नळीच्या कुळांतील एक यंत्र मात्र माळ्यावर जाण्यास तयार झालें नाहीं. तें म्हणजे विजेच्या गिटारचा ध्वनिवर्धक. साठ-सत्तर वर्षांपूर्वींचे असले ध्वनिवर्धक आजही शोधून काढले जातात, दुरुस्त होतात आणि वाजविलेही जातात. ही दुरुस्ती दिसते कारागिराची. परंतु तिच्यांत इतिहासकारासमोरचा एक जुनाच प्रश्न दडलेला आहे.

या नळीची कथा विजेच्या दिव्यापासून सुरू होते. दिव्याच्या फुग्यांत तापलेल्या तारेजवळ दुसरें एक अग्र बसविलें तर मधल्या रिकाम्या जागेंतूनही प्रवाह वाहतो, असें एडिसनला आढळलें, आणि १८८३ सालीं त्यानें त्यावर पेटंटासाठीं अर्ज केला. असें कां घडतें तें मात्र १८९७ सालीं जे. जे. थॉमसन यानें इलेक्ट्रॉनचा शोध लावल्यावरच उमगलें. १९०४ सालीं लंडनमध्यें जॉन अँब्रोज फ्लेमिंग यानें दोन अग्रांची नळी सिद्ध केली. तींतून प्रवाह एकाच दिशेनें जाई, म्हणून तिला 'व्हॉल्व्ह' म्हणजे झडप हें नांव पडलें. अमेरिकेंत ली द फॉरेस्ट यानें १९०६ च्या सुमारास त्या दोहोंच्या मध्यें तारेची एक जाळी घातली, आणि त्या लहानशा भरीनें सारें चित्र पालटलें. पाटाच्या तोंडाशीं बसलेला पोर बोटभर फळी वरखालीं करून साऱ्या मळ्याचें पाणी कमीजास्त करतो, तशी ही जाळी क्षीण विद्युत्स्पंदनांच्या आज्ञेनें मोठ्या प्रवाहाला नाचविते. ध्वनिवर्धनाचें सारें रहस्य येवढेंच आहे.

गिटार हें मुळांत बैठकीचें, मृदु आवाजाचें वाद्य. मोठ्या वाद्यवृंदांत तें ऐकूं येत नसे. १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशांप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनीं तारांखालीं चुंबक व वेटोळें बसविलेली विजेची गिटार तयार केली; मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची ती हवाई पद्धतीची होती. अशा गिटारचा आवाज तिच्या खोडांतून निघत नाहीं. तारेचें कंपन वेटोळ्यांत विजेचें रूप घेतें, नळ्यांतून मोठें होतें आणि लाउडस्पीकरांतून बाहेर पडतें. सतारीचा भोपळा काढून दुसऱ्या पेटींत ठेवावा तसा हा प्रकार आहे. म्हणून ध्वनिवर्धक हा या वाद्याचा सोबती नव्हे, तर तें वाद्यच अर्धें त्या पेटींत असतें.

हें ज्यानें नीट ओळखलें तो लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसे. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं त्याचें रेडिओ दुरुस्तीचें दुकान होतें. दुरुस्तीसाठीं येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ऐकतां ऐकतां तो स्वतःच यंत्रें बनवूं लागला, आणि १९४६ सालीं त्यानें स्वतःच्या नांवानें कारखाना चालू केला. दुरुस्ती करणाराचा हात त्याच्या रचनेंत जागोजाग दिसतो. सगळे सुटे भाग एका पट्टीवर ओळीनें मांडलेले, तारा सुटसुटीत, आणि बिघडलेला भाग डाख सोडवून मिनिटांत बदलतां यावा अशी सोय. आज या पेट्या दुरुस्त होऊं शकतात याचें पहिलें श्रेय त्या मांडणीकडे जातें.

१९५१ सालीं फेंडरनें विजेची बेस गिटार बाजारांत आणली व १९५२ सालीं तिच्यासाठीं 'बेसमन' नांवाचा ध्वनिवर्धक काढला. त्याचें १९५८ ते १९६० या काळांतील रूप सर्वांत नामांकित ठरलें. दहा इंची चार लाउडस्पीकर, शेवटच्या टप्प्यांत दोन मोठे व्हॉल्व्ह, वरून पिंगट विणीचें कापड. तो होता खर्जाच्या वाद्यासाठीं. उचलला मात्र साध्या गिटारवाल्यांनीं. आवाज स्वच्छ राहावा हा फेंडरचा आग्रह होता. परंतु पेटी अखेरपर्यंत चढविली असतां नळ्या भार सोसेनाशा होतात, ध्वनिलहरींचे माथे दबतात आणि मूळ सुरांत नवे उपस्वर मिसळतात. रेडिओ-इंजिनियराच्या दृष्टीनें हा दोष. परंतु शिकागोच्या बडी गायसारख्या ब्लूज वादकांना त्यांत कंठ भरून आलेल्या गायकाचा स्वर सांपडला.

१९६२ च्या सुमारास लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल या ढोलवादकाच्या दुकानांत हाच नमुना पुन्हां जन्मला. अमेरिकन यंत्रें तेथें फार महाग पडत. केन ब्रॅन व डडली क्रेव्हन या त्याच्या सहकाऱ्यांनीं बेसमनचा आराखडा समोर ठेवून, विलायतेंत मिळणारे भाग वापरून, नवा ध्वनिवर्धक बांधला. आराखडा बहुतेक तोच. परंतु ट्रान्सफॉर्मर, लाउडस्पीकर व पेटी बदलतांच आवाजही बदलला. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यानें जॉन मेयॉलच्या मंडळींबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणांत मार्शलच्या पेटीचा आवाज जगानें ऐकला. एकाच कागदावरून केलेल्या दोन नकला सारख्या निघत नाहींत, हें जुन्या पोथ्या हाताळणारांना नव्यानें सांगावयास नको.

अशी एकादी पेटी साठ वर्षांनीं उघडली म्हणजे तिच्यांत वार्धक्याचीं सारीं लक्षणें दिसतात. विजेची चढउतार सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरांतील ओलसर द्रव्य सुकलेलें असतें. त्यामुळें भुणभुण वाढते, आणि कंडेन्सर फुटला तर ट्रान्सफॉर्मरही जळतो. दोन टप्प्यांमधले लहान कंडेन्सर गळूं लागले कीं नको ती वीज पुढच्या नळीच्या जाळीवर जाते आणि नळीची प्लेट लालभडक होते. कार्बनचे रोधक आपल्या अंगावर लिहिलेल्या आंकड्याशीं प्रामाणिक राहात नाहींत. भाग ज्या पट्टीवर बसविले ती पट्टीच दमट हवेंत वर्षानुवर्षें राहिल्यानें वीज वाहूं लागते.

जाणता कारागीर अशी पेटी एकदम चालू करीत नाहीं. तो प्रथम ती वाचतो. लाउडस्पीकराच्या कडेवर आंकडे उमटविलेले असतात. समजा, '२२०८३२' असे आंकडे आहेत. पहिले तीन शिकागोच्या जेन्सन कारखान्याचे, पुढचा आठ सालाचा आणि शेवटचे दोन बत्तिसाव्या आठवड्याचे. परंतु आठ म्हणजे १९४८ कीं १९५८? तें आंकडा सांगत नाहीं; पेटीची घडण सांगते. आंत चिकटविलेल्या कागदावर दोन अक्षरें असलीं तर पहिलें सालाचें व दुसरें महिन्याचें. ट्रान्सफॉर्मरवरचे आंकडे याच सुमाराचे निघाले व डाखांवर कोणाचा हात फिरलेला नसला, तर साक्षीदार एकमेकांशीं जुळले असें समजावें. एक जरी विसंगत निघाला तरी पेटी खोटी ठरत नाहीं. मध्यंतरीं तिची दुरुस्ती झाली, येवढेंच ठरतें.

यापुढचें काम जिवावरचें आहे. या पेटींत चारशें व्होल्टांहून अधिक दाब खेळत असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवूं शकतात. म्हणून रोधकांतून ते रिते करून, मीटरनें खात्री केल्यावांचून हात आंत घालावयाचा नसतो. दुरुस्तीनंतरची पहिली वीजही सिरीज लॅम्पमधून किंवा दाब हळूहळू चढविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून देतात. अमेरिकेंतील जुनी पेटी ११० ते १२० व्होल्टांसाठीं बांधलेली असल्यानें भारतांतील २३० व्होल्टांवर ती तशीच लावली तर सारा खटाटोप क्षणांत राख होईल.

याहून घातक गोष्ट त्या काळच्या रीतींतच होती. प्लगला दोनच तारा असत. जमिनीशीं जोडणारी तिसरी तार नसे. भुणभुण कमी व्हावी म्हणून वीजपुरवठ्याची एक तार एका लहान कंडेन्सरानें धातूच्या सांगाड्याशीं जोडीत. तो कंडेन्सर बिघडून आरपार झाला कीं सांगाड्यांत वीज येई, तेथून ती गिटारच्या तारांत येई, आणि वादकाचे ओंठ मायक्रोफोनला लागतांच मंडळ पुरें होई. दुरुस्त करणाऱ्यांनीं या कंडेन्सराला 'मृत्यूचा कंडेन्सर' हेंच नांव दिलें आहे.

येथेंच खरा वाद उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, पेटी जशी कारखान्यांतून निघाली तशीच राहिली पाहिजे. एकेक मूळ भाग म्हणजे एकेक पुरावा आहे. दुसरा म्हणतो, ध्वनिवर्धक बोलण्यासाठीं झाला. मुका पुरावा घेऊन काय करावयाचें? मराठी वाचकाला हा वाद परका नाहीं. देवळाच्या जीर्णोद्धारांत भिंतींना रंग चढतो, देऊळ पुन्हां गजबजतें. आणि त्याच रंगाखालीं एकादा शिलालेख बुजून जातो. गजबज हवी, आणि लेखही हवा.

विवेकी कारागिरांनीं यांतून एक मार्ग काढला आहे. जे भाग झिजण्यासाठींच असतात, म्हणजे सुकणारे कंडेन्सर, जळणाऱ्या नळ्या, ते निःशंकपणें बदलावे. जे भाग आवाजाचा स्वभाव ठरवितात, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लाउडस्पीकर, मूळ पट्टी, ते शक्य तोंवर राखावे. मृत्यूचा कंडेन्सर काढावा आणि तीन तारांचा प्लग लावावा. माणसाच्या जिवापुढें मूळपणाची प्रतिष्ठा चालत नाहीं. काढलेला प्रत्येक भाग पाकिटांत घालून पेटीच्या तळाशीं ठेवावा, आणि काय केव्हां बदललें तें कागदावर लिहून ठेवावें. कांहीं कारागीर जुन्या कंडेन्सराचें पोट कोरून त्यांत नवा बसवितात. रूप टिकविण्यासाठीं तें क्षम्य आहे; परंतु टिपण न ठेवतां पेटी 'अस्सल' म्हणून विकणें ही सरळ बनावट दस्तऐवजाची जात आहे.

नळ्यांचा पुरवठाही आतां थोड्या हातांत उरला आहे. त्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत होतात, आणि २०२२ सालीं रशियांतून येणारा माल अडल्याबरोबर जगभरच्या वादकांना चिंता पडली. ज्या वस्तूला विज्ञानानें निवृत्त केलें, तिचा दिवा अशा रीतीनें कांहीं थोड्या भट्ट्यांवर तेवत आहे.

दुरुस्ती संपल्यावर कारागीर खटका ओढतो आणि थांबतो. तार तापण्यास अर्धें मिनिट लागतें. मग पेटींत तांबूस उजेड दिसतो, आणि साठ वर्षांपूर्वींच्या सुताराच्या, वेटोळीं गुंडाळणाराच्या व डाख देणाराच्या हातांतून आलेला सूर पुन्हां खोलींत उभा राहतो. त्या सुरांत किती जुनें आहे आणि किती नवें, हें कानाला सांगतां येत नाहीं. तें पेटीच्या तळाशीं ठेवलेला तो कागदच सांगतो.