विद्युत मोटारींची विजेची मागणी : संगणकीय प्रतिमानांची कसोटी

विजेवर चालणाऱ्या मोटारी वाढू लागल्या की त्यांच्या चार्जिंगसाठी एकूण किती वीज लागेल, असा प्रश्न विचारला जातो. वीज वितरण कंपन्यांच्या दृष्टीने मात्र ती वीज नेमकी केव्हा लागेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. गल्लीतील ट्रान्सफॉर्मर किती क्षमतेचा हवा, हे त्याच्या उत्तरावर ठरते. अंदाज कमी पडला तर ट्रान्सफॉर्मरवर अतिरिक्त भार येऊन वीजपुरवठा खंडित होण्याचा धोका असतो. अंदाज फाजील निघाला तर अनावश्यक खर्चाचा बोजा अखेर ग्राहकांच्याच बिलावर पडतो. हा अंदाज संगणकावरील प्रतिमानाच्या, म्हणजेच सिम्युलेशन मॉडेलच्या साहाय्याने बांधला जातो. म्हणूनच प्रतिमानावर विसंबण्यापूर्वी त्याची परीक्षा घेणे अगत्याचे ठरते.

प्रतिमानाची रचना

अशा प्रतिमानात शेकडो काल्पनिक मोटारी असतात. प्रत्येक मोटार दिवसभरात किती धावली, घरी किती वाजता परतली, चार्जरची क्षमता किती, ही माहिती प्रवासविषयक सर्वेक्षणांतून घेतली जाते. मालक घरी येताच मोटार चार्जिंगला लावतो, असे गृहीत धरून तासागणिक मागणी काढण्याची पद्धत रूढ आहे. मात्र हेच गृहीतक अनेकदा दगा देते.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत ‘ईव्ही प्रोजेक्ट’ या प्रकल्पात २०११ ते २०१३ या काळात आठ हजारांहून अधिक वाहनांच्या चार्जिंगच्या नोंदी जमा झाल्या. आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्यांचे विश्लेषण केले. नॅशव्हिलमध्ये वेळेनुसार विजेचा दर बदलत नव्हता. तेथे मागणी संध्याकाळी हळूहळू चढत गेली. सॅन फ्रान्सिस्कोत रात्री उशिरा दर स्वस्त होत असे. तेथील अनेकांनी टायमर लावून ठेवल्याने मध्यरात्रीच्या सुमारास मागणीने एकदम उसळी घेतली.

याचा परिणाम एका सोप्या हिशेबाने समजून घेता येईल. १०० मोटारी आहेत, प्रत्येकीला ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर तीन तास लागतात, असे समजू. संध्याकाळी ६ ते मध्यरात्री १२ या वेळेत त्या समान अंतराने चार्जिंगला लागल्या, तर एका वेळी सुमारे ५० मोटारी वीज घेतील आणि भार १६५ किलोवॉट होईल. सर्वांचे टायमर १२ वाजता सुरू झाले, तर भार ३३० किलोवॉटवर जाईल. वीज मात्र दोन्ही वेळी सारखीच, ९९० युनिट. केवळ एकूण युनिट जुळतात का, एवढेच पाहिले तर चुकीचे प्रतिमानही उत्तीर्ण होईल!

चाचणीचे निकष

परीक्षेची सुरुवात साध्या हिशेबापासून व्हावी. एकच मोटार घातली असता हाताने काढलेले उत्तर आणि संगणकाचे उत्तर जुळले पाहिजे. त्यानंतर प्रत्यक्ष नोंदींशी तुलना करावी. मात्र ज्या नोंदींवरून प्रतिमान रचले, त्यांवरच ते तपासणे म्हणजे आधी दाखवलेली प्रश्नपत्रिका परीक्षेत देण्यासारखे आहे. त्यासाठी काही नोंदी बाजूला राखून ठेवाव्या लागतात. सरासरीबरोबरच कमाल भार आणि त्याची वेळ जुळते का, हे पाहावे. शेवटी दर, चार्जरची क्षमता व परतण्याची वेळ थोडी बदलून उत्तर किती हलते, तेही तपासावे.

एका शहरात खरे ठरलेले प्रतिमान दुसऱ्या शहरात लागू पडेलच असे नाही. भारतात २०२३ साली वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन, दिवसा सौरऊर्जेच्या तासांत दर कमी ठेवण्याचे धोरण आले. रात्री घरी चार्जिंग होईल, हे गृहीतक इथे जसेच्या तसे वापरता येणार नाही. वाहनतळात स्वतःचा चार्जर नसलेल्या सदनिकाधारकांचे वेळापत्रकही वेगळेच असेल. दर बदलला की माणसाची सवय बदलते आणि सवय बदलली की प्रतिमानाची कसोटी नव्याने घ्यावी लागते.