मैसूरचा देवराज बाजार

दसऱ्याची जंबू सवारी ज्या सयाजीराव रस्त्याने जाते, त्याला नाव आहे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे. पूर्वी येथे दिवाण पूर्णय्यांच्या कालव्याची चर होती. ती बुजवून रस्ता झाला. त्याला लागूनच देवराज बाजार आहे.

दहावे चामराज वोडेयर (१८८१–१८९४) यांच्या काळात या बाजाराला पक्के रूप आले. समोरचा डफरिन घड्याळाचा मनोरा १८८६ चा. पुण्याची मंडईही त्याच वर्षीची. (तिच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी विरोध केला होता, पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले!) मोकळ्यावर भरणारा बाजार छताखाली आणायचा, ओटे ठरवून द्यायचे, भाडे घ्यायचे, स्वच्छता राखायची, ही त्या काळची नवी नगरव्यवस्था होती.

पण आत गेलात तर जुनी मापे भेटतात. मोगऱ्याची माळ आजही 'मोळ' म्हणजे हातभर मोजून देतात. विड्याची पाने, नंजनगूडची रसबाळे केळी, कुंकवाचे रंगीत ढीग यांच्या ओळी वेगवेगळ्या. कोणत्या गावचा माल येथे येतो, हे या ओळींवरूनच वाचता येते.

ऑगस्ट २०१६ मध्ये बाजाराचा उत्तरेकडचा भाग कोसळला. पाडून नवा बांधावा की आहे तोच सावरावा, हा वाद न्यायालयात गेला. माझे मत सावरण्याकडे झुकते. तरीही तुम्ही वाद अभ्यासताना वास्तुतज्ज्ञांच्या आधी गाळेधारकांना विचारा: दुरुस्तीच्या काळात ते बसणार कुठे, आणि परत येतील तेव्हा तीच जागा त्यांना मिळेल का?