कुष्ठरोग आणि रक्तवाहिन्यांचें अस्तर

महाडच्या पूर्वेस सह्याद्रीच्या कुशींत शिवथरची घळ आहे. समर्थांनीं येथें दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो उतरून घेतला, अशी परंपरा आहे. या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकांत आध्यात्मिक तापाचें वर्णन करतांना समर्थांनीं देहाच्या रोगांची लांबलचक यादी दिली आहे. तींत क्षय, पांडुरोग यांच्याच पंक्तीस कुष्ठ बसलेला आहे. हे सर्व भोग पूर्वकर्माचें फळ, असा त्या काळचा समज. पण तो सगळ्याच रोगांना सारखा लागू होता. समाजानें मात्र एकट्या कुष्ठरोग्यास पंक्तींतून उठविलें, आणि पापाचा शिक्का त्याच्याच कपाळीं मारला.

१८७३ सालीं नॉर्वेंतील बर्गेन येथें डॉ. हॅन्सेन यांनीं या रोगाचा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला, तेव्हां पापाचा प्रश्न शास्त्रापुरता निकालांत निघाला. भीति मात्र गेली नाहीं. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनीं १८९० सालीं माटुंग्यास कुष्ठरोग्यांचा आश्रम उभारला. शाळिग्राम यांच्या साह्यानें मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे ते हेच ॲक्वर्थ होत. निराश्रितांना तेथें निवारा मिळाला हें खरेंच. पण त्यांना शहरापासून दूर ठेवावें, हाही हेतु त्यामागें होता. १८९८ चा कायदा तर निर्धन कुष्ठरोग्यांस धरून कोंडण्याची मुभा देणारा होता. तो रद्द होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. रोग्याभोंवतीं कुंपण पडलें. परंतु जंतु शरीरांत कोणत्या वाटेनें फिरतो आणि हातपाय कां निकामी होतात, हा प्रश्न कुंपणानें सुटणारा नव्हता.

या प्रश्नाचें उत्तर बऱ्याच अंशीं रक्तवाहिन्यांच्या अस्तरांत दडलेलें आहे. प्रत्येक रक्तवाहिनीस आंतून अवघ्या एका पेशीइतक्या जाडीचें नितळ अस्तर असतें. नळास आंतून लावलेल्या रोगणासारखें तें निर्जीव नव्हे. गडाच्या देवडीवरील पहारेकऱ्याचें काम तें करतें. रक्तांतून काय बाहेर जाऊं द्यावें, पांढऱ्या पेशींना कोठें थांबवून घ्यावें, आणि रक्त न गोठतां वाहतें कसें ठेवावें, हें सारें तेंच पाहतें. मज्जातंतूंच्या आंतील बारीक वाहिन्यांत तर हा पहारा विशेष कडक असतो.

मग जंतु मज्जातंतूंत शिरतो कसा? या प्रश्नाचा पाठपुरावा मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं केला. त्यांची कीर्ति मुख्यतः कर्करोगाच्या संशोधनाची. तथापि कुष्ठाच्या अगदीं आरंभींच्या चट्ट्यांच्या सूक्ष्म रचनेवरील त्यांचा प्रबंध १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. त्वचेंतील मज्जातंतूंचीं उघडीं टोकें जंतु गांठतो व तंतूच्या आंतूनच वर सरकतो, असें त्यांचें अनुमान होतें. म्हणजे शत्रु देवडी टाळून कड्यावरून गडावर चढला. पुढें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून पाहतां जंतु तंतूच्या गाभ्यांत क्वचितच आढळले. त्यांचें मुख्य ठाणें होतें तंतूला वेढणाऱ्या श्वॉन पेशींत.

१९९९ सालीं अमेरिकेंतील स्कोलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरी वाट पुढें मांडली. आर्माडिलो नांवाच्या कवचधारी प्राण्यास हा रोग जडतो. त्याचे मज्जातंतु तपासले तेव्हां बाहेरील आवरणांतल्या रक्तवाहिन्यांच्या आणि लसिकावाहिन्यांच्या अस्तरपेशींतच जंतु मुक्काम ठोकून बसलेले दिसले. याच रक्तवाहिन्यांचे फांटे पुढें मज्जातंतूच्या आंत जातात. म्हणजे शत्रु पहारेकऱ्याच्याच चौकींत दबा धरून होता! यानें खानोलकरांचें महत्त्व उणें होत नाहीं. रोगाचा आरंभ मज्जातंतूंत पाहावा, ही दृष्टि त्यांनींच ठामपणें दिली.

अस्तरावर घाला पडल्यास काय अनर्थ होतो, हें मेक्सिकोंत १८५२ सालींच दिसलें होतें. लुसिओ व अल्वारादो या वैद्यांनीं असे रोगी वर्णिले कीं ज्यांच्या अंगावर एकही गांठ नसे. पण अकस्मात् लालजांभळे दुखरे डाग उठत, काळे पडत आणि त्यांचीं क्षतें होत. याचें मूळ रक्तवाहिन्यांच्या विकारांत आहे, हें १९४८ सालीं त्याच देशांतील लातापी व झामोरा यांनीं दाखविलें. जंतूंनीं भरलेलें अस्तर सुजतें, आंत रक्त गोठतें, आणि पुढची कातडी अन्नपाण्यावांचून मरते.

हा प्रकार विरळा. परंतु ज्यांस आपण ‘रिॲक्शन’ म्हणतों, त्या दाहाच्या लाटा पुष्कळ रोग्यांस येतात. त्यांचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यांत शरीराची संरक्षक शक्ति त्वचेंतील व मज्जातंतूंतील जंतूंवर एकाएकीं तुटून पडते. चट्टे लाल होतात, वाहिन्या पाझरूं लागतात, आणि घट्ट आवरणांत कोंडलेला मज्जातंतु सुजून स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून टाकतो. दुसऱ्यांत ताप भरतो व अंगावर तांबड्या दुखऱ्या गांठी उठतात; जपानी वैद्य मुराता यांनीं १९१२ सालीं त्याचें नामकरण केलें. येथें अस्तर जणूं चिकट होतें, पांढऱ्या पेशी त्यास धरतात आणि भिंतींतून आंत घुसतात. थॅलिडोमाइड हें औषध यावर प्रभावी असल्याचें १९६५ सालीं जेरुसलेममध्यें शेस्किन यांना आढळलें. परंतु त्यानें गर्भास व्यंग येतें; म्हणून तें वैद्याच्या कडक देखरेखीखालींच देतात.

या इतिहासाचा घरोघर उपयोग आहे. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारिलेल्या बहुविध औषधांनीं हा रोग पूर्ण बरा होतो. तरी जगांतील नव्या रुग्णांपैकीं निम्म्याहून अधिक आजही भारतांतच सांपडतात. औषध चालू असतां, कधीं संपल्यावरही, रिॲक्शन येते. तेव्हां घरचीं माणसें म्हणतात, ‘औषध अंगावर उठलें’, आणि गोळ्या बंद होतात. हाच खरा घात. औषधानें जंतु मरतात. रिॲक्शन म्हणजे जंतूंच्या अवशेषांवर शरीरानें चढविलेला दाह, आणि त्याचा उपाय निराळा असतो. हाताची पकड ढिली पडली, पाऊल लोंबूं लागलें, डोळा मिटेनासा झाला किंवा कोपराजवळची शीर दुखूं लागली, तर मूळ गोळ्या न सोडतां त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. मज्जातंतूची इजा सहा महिन्यांच्या आंतली असेल तर योग्य उपचारानें गेलेली शक्ति पुष्कळदां परत येते. त्यापुढें ती आशा झपाट्यानें मावळते.