लव्हालहून दक्षिण फ्रान्स: गाडी भाड्याने न घेता एक आठवडा



दक्षिण फ्रान्सला जायचं म्हटलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठून भाड्याने घ्यायची?" मग सात-आठ जणांसाठी मोठी गाडी, तिचा विमा, महामार्गाचा टोल, जुन्या गावांच्या अरुंद गल्ल्या आणि न सापडणारं पार्किंग, हे सगळं ओघाने आलंच. त्यात गाडी चालवणाऱ्याची सुट्टी रस्ता बघण्यात संपते ती वेगळीच. आजी-आजोबा सोबत असतील तर घाटरस्त्यांची वळणंही सोसत नाहीत. त्यामुळे "नकोच ते" म्हणून बेत रद्द होतो, आणि आई-वडिलांचा सहा महिन्यांचा मुक्काम बेसमेंट आणि मॉल यांतच सरतो.

खरं तर या भागातली मुख्य शहरं रेल्वेने एकमेकांना चांगली जोडलेली आहेत. खाली सात रात्रींचा एक आराखडा दिला आहे. आपापल्या सोयीने त्यात बदल करावा.

निघण्यापूर्वी: कागदपत्रं

एकाच कुटुंबात तीन प्रकारचे पासपोर्ट-व्हिसा असणं आपल्याकडे नेहमीचंच आहे. म्हणून प्रत्येकाचं वेगळं तपासावं.

- कॅनेडियन पासपोर्ट असेल तर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. मात्र ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेसाठी जास्तीचा वेळ धरावा. ईटीआयएएस नावाची ऑनलाइन पूर्वपरवानगीही पुढे लागू व्हायची आहे. तिकीट काढताना ती सुरू झाली आहे का, हे युरोपीय संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघावं.
- भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचं पीआर असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच. पीआर कार्ड त्याची जागा घेत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा त्यासाठी आवश्यक असतो.
- भारतातून भेटीला येणाऱ्या आई-वडिलांनी शेंगेन व्हिसा शक्यतो भारतातूनच घेऊन यावं. तसंच त्यांचा कॅनडाचा व्हिसा परत येण्यासाठी चालतो का, हेही पाहावं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर फ्रान्सहून परतताना पंचाईत होते.

आपला क्वेबेकचा आरोग्य विमा परदेशातल्या खर्चाचा थोडाच भाग देतो. त्यामुळे व्हिसा लागत नसला तरी प्रवासी विमा सगळ्यांनी घ्यावा.

कधी जावं

शाळा सुटल्यावर, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा, सगळ्यात बरा. दिवस मोठा असतो आणि फ्रान्सच्या शाळा तेव्हा सुटलेल्या नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जातो. शिवाय जुलैत आव्हिन्योंला मोठा नाट्यमहोत्सव असतो (१९४७ पासून चालू आहे), तेव्हा खोल्या मिळणं कठीण. शाळकरी मुलं नसतील तर मे किंवा सप्टेंबर उत्तम. पण १ मे टाळावा, त्या दिवशी अनेक शहरांत बस आणि ट्राम बंद असतात.

तिकिटं

उन्हाळ्यात मॉन्ट्रियलहून मार्सेय आणि नीस या दोन्ही शहरांना थेट विमानं असतात. म्हणून जाताना मार्सेयला उतरायचं आणि परतताना नीसहून निघायचं, असं तिकीट काढावं. त्यामुळे एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही.

लव्हालहून विमानतळावर जायलाही गाडी नको. २००७ साली ऑरेंज लाइन लव्हालला आल्यापासून मोंमोरांसी, द ला कोंकॉर्द किंवा कार्तिये स्टेशनवरून बसलं की मेट्रो न बदलता लिओनेल-ग्रूल्क्सपर्यंत जाता येतं. तिथून ७४७ क्रमांकाची बस थेट विमानतळावर नेते. ती चोवीस तास चालते.

फ्रान्समधल्या गाड्यांचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत:

- टीजीव्ही: वेगवान. आरक्षण सक्तीचं. जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त. सामानाला मर्यादा आहे: माणशी दोन बॅगा आणि हातातली एक पिशवी. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी हवी. भारतवारीच्या २३ किलोच्या बॅगा घरीच ठेवाव्यात.
- टीईआर: प्रादेशिक गाडी. सहसा आरक्षण नसतं, आयत्या वेळी तिकीट काढलं तरी चालतं. छोट्या सहलींसाठी हीच वापरावी.

मार्सेय–तुलों–नीस हा मार्ग जून २०२५ पासून एसएनसीएफ चालवत नाही, तो ट्रान्सदेव्ह कंपनीकडे गेला आहे. दिवसाच्या सात फेऱ्यांच्या चौदा झाल्या आहेत. जुन्या प्रवासवर्णनांतली वेळापत्रकं त्यामुळे उपयोगाची नाहीत.

स्टेशनांची फसगत

इथे बरेच जण चुकतात. टीजीव्हीसाठी गावाबाहेर वेगळी स्टेशनं बांधली आहेत.

- आव्हिन्यों: "सांत्र" हे गावात, "टीजीव्ही" बाहेर. दोन्हींमध्ये छोटी गाडी धावते, पाचेक मिनिटं लागतात.
- एक्स-आं-प्रोव्हांस: टीजीव्ही स्टेशन गावापासून लांब, बस घ्यावी लागते.
- नीम: २०१९ मध्ये उघडलेल्या नव्या स्टेशनाचं नाव "नीम पों द्यु गार" आहे, पण ते त्या प्रसिद्ध पुलाजवळ नाही! पूल बघायला तिथे उतरू नये.

दिवस १ ते ३: आव्हिन्यों

विमान सकाळी पोहोचतं आणि घड्याळ सहा तास पुढे गेलेलं असतं. मार्सेय विमानतळाजवळ व्हित्रोल स्टेशन आहे. विमानतळावरून छोट्या बसने तिथे जायचं आणि टीईआरने आव्हिन्यों गाठायचं. खोली "सांत्र" स्टेशनजवळ, तटबंदीच्या आत घ्यावी, म्हणजे ज्येष्ठांना दुपारी परत येऊन पाठ टेकता येते. पहिल्या दिवशी फक्त गावात फिरावं. १३०९ ते १३७७ या काळात पोप रोमला नव्हे, इथे राहत होते. त्यांचा राजवाडा आणि रोन नदीवरचा अर्धवट उरलेला पूल चालत बघता येतो.

दुसरा दिवस आर्लसाठी. टीईआरने वीसेक मिनिटं. रोमनांचं अँफीथिएटर आजही वापरात आहे. व्हॅन गॉग १८८८-८९ मध्ये या गावात राहिला आणि इथे त्याने भरपूर चित्रं काढली. शनिवारी मोठा आठवडी बाजार भरतो. तो साधता आला तर फळं, चीज, ऑलिव्ह यांवर जेवणच होतं.

तिसरा दिवस पों द्यु गार. इथे आव्हिन्योंहून बसने जावं. बसच्या फेऱ्या कमी असतात आणि रविवारी आणखी कमी, म्हणून परतीची वेळ आधी लिहून घ्यावी. पहिल्या शतकातला हा तीन मजली जलसेतू सुमारे ४९ मीटर उंच आहे. नीम शहराला पाणी नेणाऱ्या ५० किलोमीटर लांबीच्या कालव्याचा तो एक भाग. एवढ्या अंतरात पाण्याला उतार मिळाला तो जेमतेम साडेबारा मीटरचा! घरातल्या इंजिनियर मंडळींना चर्चेला विषय मिळेल. थांब्यापासून थोडं चालावं लागतं, टोप्या आणि पाणी न्यावं.

लॅव्हेंडरची शेतं मात्र या पद्धतीने नीट बघता येत नाहीत, तिथे बस फार कमी जातात. हट्टच असेल तर आव्हिन्योंहून एका दिवसाची टूर घ्यावी.

दिवस ४ आणि ५: मार्सेय

टीजीव्हीने अर्धा-पाऊण तास. सें-शार्ल स्टेशनासमोरचा भव्य जिना १०४ पायऱ्यांचा आहे. फोटो जरूर काढावा, पण बॅगा घेऊन उतरू नये. स्टेशनखालीच मेट्रो आहे.

शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलं "मार्सेलिस" ते हेच. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून याच बंदरात उडी घेतली. किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं. हे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. अटकेत अनियमितता झाली, तरी सावरकरांना परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही, असा निकाल फेब्रुवारी १९११ मध्ये लागला. आजी-आजोबांना हे ठिकाण बघायचं असतंच. म्युसेम संग्रहालयाच्या परिसरातून (हे २०१३ मध्ये उघडलं) समुद्र आणि बंदर छान दिसतं.

शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे युद्धस्मशानभूमी आहे. पहिल्या महायुद्धात भारतीय पलटणी १९१४ साली मार्सेयलाच उतरल्या होत्या. त्यांतल्या अनेकांची नावं इथल्या स्मारकावर आहेत. मेट्रोने रों-प्वां द्यु प्रादोपर्यंत जाऊन पुढे बस घ्यावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेयला भारताचा वाणिज्य दूतावासही सुरू झाला. भारतीय पासपोर्ट हरवल्यास हे माहीत असावं.

जुन्या बंदरावरून ६० क्रमांकाची बस डोंगरावरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चपर्यंत नेते. चढ पायी चढू नये.

दिवस ६ आणि ७: नीस

मार्सेयहून अडीच-पावणेतीन तास. गाडीची दिशा पूर्वेकडे असल्याने उजव्या खिडकीची जागा पकडावी, समुद्र दिसतो. सातव्या दिवशी टीईआरने मोनॅको (साधारण २५ मिनिटं) आणि पुढे इटलीच्या सीमेवरचं मांतों. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. चपला न्याव्यात. आठव्या दिवशी २ क्रमांकाची ट्राम थेट विमानतळावर सोडते.

शाकाहारी मंडळींसाठी

नीसची "सोक्का" म्हणजे बेसनाचं जाडसर धिरडंच. मार्सेयची "पानीस" हीदेखील बेसनाची, तळलेली. रातातुई म्हणजे वांगी, झुकिनी, टोमॅटोची भाजी. पण "पिसालादिएर" हा कांद्याचा पाव दिसायला साधा असला तरी त्यात मासे असतात. ऑलिव्हच्या "तापनाद" चटणीतही बऱ्याचदा असतात. "सां व्यांद, सां प्वासों" (मांस नको, मासे नकोत) हे दोन्ही सांगावं. एकटं "व्हेजिटेरियन" पुरत नाही. दुपारचं जेवण बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. आजोबांची औषधं जेवणाच्या वेळेवर अवलंबून असतील तर थेपले आणि दशम्या सोबत हव्यातच.

मुलांवर सोपवा

१९७७ च्या भाषा कायद्यामुळे आपली बहुतेक मुलं फ्रेंच शाळेत जातात. घरी आपण त्यांच्या फ्रेंचपुढे गप्प बसतो. या प्रवासात तेच आपले दुभाषे. तिकीट काढणं, गाडीचा फलाट विचारणं, जेवण सांगणं ही कामं त्यांना द्यावीत. फरक मात्र आधी सांगावा: क्वेबेकमध्ये "देझने" म्हणजे न्याहारी, फ्रान्समध्ये दुपारचं जेवण. आपलं दुपारचं "दिने" तिथे रात्रीचं होतं. आणि काहीही विचारण्याआधी "बोंझूर" म्हणायलाच हवं, नाहीतर समोरच्याचा चेहरा आंबट होतो.

शेवटची यादी

- आदल्या रात्री "ग्रेव्ह" म्हणजे संप आहे का, ते बघावं. संप सहसा आधी जाहीर होतो.
- बसमध्ये आणि ट्राममध्ये चढल्यावर तिकीट यंत्राला लावावं, नाहीतर दंड होतो.
- पासपोर्ट पोटाच्या पाऊचमध्ये. स्टेशनांवर पाकीटमार असतात.
- दिवसाला एकच गाव. दोन गावं केली तर ज्येष्ठ दमतात आणि मुलं कंटाळतात.

आई-बाबा दरवर्षी येतीलच असं नाही. यंदा ते इथे असतील तर हा आठवडा जमवाच. सर्वांना प्रवासाच्या शुभेच्छा!